रेव्हरंड नारायण वामन टिळक : एका धर्मांतराची घरातली कथा

६ डिसेंबर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चैत्यभूमी उभी राहते. १९५६ सालच्या त्या दिवसाने आपल्याला पोरके केले. त्याच तारखेला, पण १८६१ साली, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव या खेड्यात एका चित्पावन ब्राह्मणाच्या घरी एक मुलगा जन्माला आला. वयाच्या तेहतिसाव्या वर्षी त्याने हिंदुधर्माचा त्याग केला, पुढे तो ख्रिस्ती मंडळीचा पाळक झाला, आणि मराठी कवितेत त्याचे नाव कायमचे कोरले गेले. ते रेव्हरंड नारायण वामन टिळक. लोकमान्य टिळक वेगळे. दोघे एकाच काळातले आणि एकाच जातीतले, पण एकाने जन्माच्या धर्माचा अभिमान मिरवला आणि दुसऱ्याने तो धर्म सोडून दिला.

आपल्यापैकी काहींना प्रश्न पडेल की, धम्माच्या पाक्षिकात पाद्र्याचे चरित्र कशासाठी? शाळेच्या पुस्तकात टिळक फुलामुलांचे कवी म्हणून भेटतात. आम्ही शिक्षक त्यांची कविता मुलांकडून पाठ करून घेतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. परंतु त्यांच्या आयुष्याचा जो भाग आपल्याला सर्वांत जवळचा आहे तो शाळेत कोणी शिकवत नाही. तो भाग त्यांच्या धर्मांतराचा आहे. धर्म बदलल्यावर घरात काय होते, बायको काय म्हणते, चुलीपाशी काय घडते, भाकरी कोणाची खायची आणि देश कोणाचा म्हणायचा, हे सगळे प्रश्न त्या माणसाच्या अंगावर एकामागून एक आले. तेच प्रश्न आज आपल्या वस्त्यांत, नवदीक्षित कुटुंबांत, रोज उभे राहत आहेत. ज्या वाटेने आपण नुकतेच निघालो, तिच्यासारख्याच एका वाटेने कोणी आधी चालून गेला असेल, तर त्याला कुठे ठेच लागली हे पाहून ठेवण्यात कमीपणा नाही.

टिळकांचे प्राथमिक शिक्षण कल्याणला झाले. आई लवकर वारली, वडील कडक स्वभावाचे. मुलगा घर सोडून नाशिकला आला आणि गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी संस्कृत शिकला. इंग्रजी शाळेत दोनेक वर्षे काढली, आणि शिक्षण तिथेच थांबले. पुढे पोटासाठी त्यांनी काय केले नाही? मास्तरकी केली, भिक्षुकी केली, छापखान्यात खिळे जुळवले. एका गावी स्थिर राहणे त्यांच्या प्रकृतीत नव्हते. मनात आले की उठावे आणि चालू लागावे, खिशात पैसे असले तर समोरच्या गरजवंताला देऊन मोकळे व्हावे, आणि घरी आल्यावर बायकोने विचारले की रागवावे, असा हा माणूस होता. थोर माणसांची चरित्रे लिहिताना असले दोष झाकण्याची आपल्याकडे रीत आहे. त्यांच्या पत्नीने ते झाकले नाहीत, म्हणून आपणही झाकू नयेत.

लग्न झाले तेव्हा टिळक अठरा वर्षांचे होते आणि मुलगी अकरा वर्षांची. नाव मनकर्णिका गोखले, सासरी आल्यावर लक्ष्मीबाई. तिचे माहेर नाशिकजवळ गोदाकाठच्या जलालपूरचे. तिच्या वडिलांना सोवळ्याचे वेडच लागले होते. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात येत नसे, आणि त्या धुण्यापायी घरातल्या बायकामुलांचे जे हाल होत त्याला सीमा नव्हती. विटाळाची शिक्षा आपल्या लोकांनी गावकुसाबाहेर राहून भोगली हे खरेच, पण जे घर विटाळ मानते त्या घरातल्या बाईलाही तो विटाळ छळतो, हे जलालपूरच्या घरावरून दिसते. याच नाशिकात २ मार्च १९३० रोजी काळारामाच्या दारी आपल्या लोकांनी सत्याग्रह मांडला. त्या दाराच्या आत माणसे कशी राहत होती हे समजून घ्यायला लक्ष्मीबाईंच्या बालपणाइतके चांगले साधन नाही.

१८९१ साली टिळक नागपूरला आले. आप्पासाहेब बुटी नावाच्या श्रीमंत गृहस्थांकडे संस्कृत ग्रंथांचे काम त्यांना मिळाले. हिंदुधर्मातील प्रश्नांची चर्चा करणारे 'ऋषि' नावाचे मासिकही त्यांनी चालवले. म्हणजे धर्म न वाचता धर्म सोडणारा हा मनुष्य नव्हता. पोथ्या वाचूनच त्यांचे मन पोथ्यांवरून उडत गेले. जातिभेद त्यांना पटेना, मूर्तिपूजा पटेना. आपणच एखादा नवा धर्म काढावा असेही त्यांच्या मनाने घेतले होते. ज्या नागपुरात पासष्ट वर्षांनी लाखो माणसे पांढरी वस्त्रे नेसून उभी राहणार होती, त्याच नागपुरात एक ब्राह्मण पंडित एकटाच बसून धर्म कसा असावा याचा विचार करीत होता!

१८९३ मध्ये ते राजनांदगावला निघाले. आगगाडीच्या डब्यात एक गोरा मिशनरी भेटला. त्याने कवितेच्या आणि धर्माच्या गोष्टी काढल्या, बायबलची एक प्रत हातात ठेवली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांनी ते पुस्तक शंका काढीत वाचायला घेतले. डोंगरावरील प्रवचनापर्यंत आले आणि तिथेच खिळले. जो तुमच्याशी वैर करतो त्याच्यावरही प्रेम करा, ही शिकवण त्यांच्या मनात उतरली. आपल्याला ती नवी नाही. वैराने वैर शमत नाही हे तथागतांनी त्याच्या कितीतरी शतके आधी याच भूमीत सांगितले होते. पण त्या काळच्या ब्राह्मण पंडिताला बुद्ध हा विष्णूचा नववा अवतार म्हणूनच माहीत असायचा. खरा बुद्ध त्याच्यापर्यंत पोहोचूच नये अशी व्यवस्था त्याच्याच पूर्वजांनी करून ठेवली होती. बाबासाहेबांनी आपल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये बुद्ध हा विष्णूचा अवतार नाही हे स्पष्ट का घातले, याचे एक उत्तर इथे सापडते.

पुढची दोन वर्षे टिळक वाचत होते, शंका विचारत होते, पत्रव्यवहार करीत होते आणि घाबरतही होते. त्या भीतीची कल्पना आज येणार नाही. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी एका समारंभाला गेली. पुढ्यात चहाबिस्किटे आली. एवढ्यावरून पुण्यात केवढा गदारोळ झाला, ग्रामण्य झाले, न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताचा मार्ग धरावा लागला. जिथे चहाच्या पेल्याला ही शिक्षा, तिथे बाप्तिस्म्याला काय असेल? तरीही १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला.

घरी मात्र त्यांनी सांगितले नव्हते.

या एका गोष्टीपाशी आपण थोडे थांबले पाहिजे. दोन वर्षे मनात जे चालले होते, त्यात पत्नीला त्यांनी भागीदार केले नाही. तिला बातमी कळली ती सगळे होऊन गेल्यावर, आणि तीही माहेरच्या माणसांत असताना. पदरात दत्तू हा लहान मुलगा. नवरा जिवंत असून नसल्यासारखा. नातेवाइकांनी तिला सांभाळले, पण ज्या घरात ती राहिली तिथल्या सोवळ्याओवळ्यातच तिचे दिवस गेले. त्यांतला काही काळ तिने पंढरपुरात काढला. जो देव नवऱ्याने सोडला, त्याच्या पायरीशी बसून ती नवऱ्यासाठी रडत होती. साडेचार-पाच वर्षे असे चालले.

पंढरपूरचे नाव निघाले म्हणून आठवण होते. आपल्या माता रमाईंनाही पंढरपूरला जाऊन विठोबाचे दर्शन घेण्याची फार इच्छा होती. ज्या देवळात आपल्या माणसाला दाराबाहेरच थांबावे लागते तिथे कशाला जायचे, असे म्हणून बाबासाहेबांनी त्यांना परावृत्त केले, आणि आपण आपले वेगळे पंढरपूर उभारू असे आश्वासन दिले. २७ मे १९३५ रोजी रमाई गेल्या. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला येवल्याची घोषणा झाली. पंढरपूरचे ते दार आपल्यासाठी उघडायला १९४७ साल आणि साने गुरुजींचे उपोषण लागले. एक बाई त्या देवळाच्या आत जाऊ शकत होती आणि सुखी नव्हती, दुसरी जाऊ शकत नव्हती आणि झुरत होती. देवाने दोघींसाठी काय केले, हा प्रश्न आपल्या घरातल्या आयाबहिणींनी स्वतःला शांतपणे विचारावा.

टिळकांच्या बाजूने सांगण्यासारखी एक मोठी गोष्ट आहे. १८६६ साली सरकारने एक कायदा केला होता. नवरा ख्रिस्ती झाला आणि बायको त्याच्याकडे नांदायला येण्यास नकार देत राहिली, तर त्याला न्यायालयातून ते लग्न मोडून घेता येत असे. टिळकांना ती वाट मोकळी होती. ख्रिस्ती समाजात शिकलेल्या मुली होत्या, टिळकांचे नाव होते, वय तेहतीस-चौतीसचे होते. ते त्या कायद्याच्या वाटेला गेले नाहीत. ते पत्रे लिहीत राहिले, पैसे पाठवीत राहिले, कविता लिहीत राहिले, भेटायला जाऊन अपमान सोशीत राहिले. न सांगता धर्म बदलण्यात त्यांनी पत्नीवर जो अन्याय केला, तो त्यांनी पाच वर्षे वाट पाहून फेडला असे मला वाटते. पूर्ण फिटला की नाही ते लक्ष्मीबाईंनाच ठाऊक.

शेवटी नातेवाइकांचा विरोध मोडून लक्ष्मीबाई मुलाला घेऊन अहमदनगरला आल्या. (या शहराचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले आहे. टिळकांच्या काळी सगळे त्याला नगरच म्हणत.) आल्या, पण ख्रिस्ती व्हायला आल्या नव्हत्या. त्यांनी आपले सोवळे सोबत आणले होते. त्यांचा स्वयंपाक निराळा, पाणी निराळे. आता टिळकांची खरी परीक्षा होती. ते घरचे कर्ते पुरुष, नव्या धर्माचे अभिमानी आणि स्वभावाने तापट. भांडी फेकून देणे, देव उचलून विहिरीत टाकणे त्यांना अशक्य नव्हते. पण त्यांनी बायकोच्या चुलीला हात लावला नाही. तिला वाचायला दिले, तिच्याशी बोलले, बाकीचे तिच्यावर सोपवले.

आणि मग जे झाले ते कोणा पाद्र्याच्या उपदेशाने झाले नाही. जात ही देवाने केली की माणसाने, हा प्रश्न लक्ष्मीबाईंनी स्वतःच स्वतःला घातला. विचार करता करता त्यांना दिसले की देवाने केले असते तर माणसामाणसांत काही खूण दिसली असती. तशी खूण कुठेच नाही, म्हणून ही माणसाचीच करणी. एकदा हे पटल्यावर ती बाई मागे फिरली नाही. त्यानंतर त्यांनी कोणाच्याही हातचे पाणी प्यायला, कोणाच्याही हातचे अन्न खायला सुरुवात केली. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली झाला. क्रम लक्षात घ्यावा. आधी चुलीपाशी जात गेली, नंतर धर्म बदलला. ज्या बापाच्या घरी बाहेरची वस्तू धुतल्याशिवाय आत येत नव्हती, त्याच बापाची ही लेक.

आपल्या वस्त्यांत याच्या उलट दृश्य पाहायला मिळते, हे कडू असले तरी बोलले पाहिजे. बाप विहारात जाऊन त्रिशरण-पंचशील म्हणतो आणि घरात फडताळाच्या मागे खंडोबाचा टाक ठेवलेला असतो. नवऱ्याने दीक्षा घेतली त्या दिवशी बायकोच्या हातातून देव ओढून घेतले जातात, तिला कोणी दोन शब्द समजावून सांगत नाही, आणि मग ती लेकरू आजारी पडले की चोरून नवस बोलते. दोष तिचा किती आणि तिला न सांगणाऱ्याचा किती? बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी स्वतः दीक्षा घेतली तेव्हा पत्नी त्यांच्या शेजारी उभ्या होत्या, आणि समोरच्या जनसमुदायात बायामाणसे कडेवर पोरे घेऊन आली होती. १९३५ ते १९५६ ही एकवीस वर्षे त्यांनी लोकांशी बोलण्यात, लोकांना बरोबर घेण्यात घालवली. आपले धर्मांतर घराचे धर्मांतर होते. टिळकांचे एकट्याचे होते, आणि ते घराचे व्हायला पाच वर्षे लागली. दीक्षाभूमीवर जे एका दिवसात झाले ते आपल्या प्रत्येक घरात पुन्हा करावे लागते, आणि त्यासाठी टिळकांसारखा धीर लागतो.

आता नगरच्या ख्रिस्ती समाजाविषयी. अमेरिकन मराठी मिशन तिथे १८३१ पासून काम करीत होते. मिशनने मुलींच्या शाळा काढल्या. त्यांतली मिस फॅरार यांची शाळा पाहून महात्मा जोतीराव फुले यांना स्फूर्ती मिळाली आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा उभी राहिली, हे ऋण आपण मानले पाहिजे. नगर जिल्ह्यात ख्रिस्ती झालेले बहुसंख्य लोक महार आणि मांग समाजाचे. दुष्काळात पोटाला भाकर आणि आजारात औषध देणारे दुसरे कोणी नव्हते, म्हणून ते मिशनकडे गेले. सवर्णांनी त्यांना पोटार्थी म्हणून हिणवले. ज्यांनी दुष्काळातही पाणवठ्यावर येऊ दिले नाही, त्यांनी पोटाचा दाखला काढावा, याला काय म्हणावे? टिळक नगरच्या धर्मशिक्षणाच्या विद्यालयात शिकवीत. पुढे राहुरीसारख्या ठिकाणी दोघे नवराबायको राहिले. त्यांचे घर सर्वांना उघडे होते. बालकवी ठोंबरे यांच्यासारखा तरुण कवी त्या घरात मुलासारखा राहून गेला. शेजारच्या महार-मांग ख्रिस्ती घरांशी लक्ष्मीबाईंचे येणेजाणे नात्याचे झाले.

पण इथे मला एक गोष्ट खटकते आणि ती लिहिल्यावाचून राहवत नाही. एक ब्राह्मण ख्रिस्ती झाला तर त्याचे नाव सव्वाशे वर्षे राहते. त्याच्याआधी त्याच जिल्ह्यात हजारो अस्पृश्य ख्रिस्ती झाले, त्यांपैकी कितींची नावे आपण सांगू शकू? पाळक झाल्यावरही टिळकांना पंडित म्हणून मान मिळत राहिला, आणि महाराचा ख्रिस्ती गावकऱ्यांच्या लेखी महारच राहिला. दोष टिळकांचा नाही, पण जातीची मुळे किती खोल जातात ते यावरून दिसते. कित्येक गावांत महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती एकमेकांत सोयरीक करीत नव्हते. दक्षिणेत तर एका देवळात निरनिराळ्या जातींची बैठक निराळी होती. ख्रिस्ती मिशनने सेवा पुष्कळ केली, पण आपल्या माणसांतली जात मोडण्याचा हट्ट धरला नाही, आणि ख्रिस्ती झालेले शिकले-सवरलेले लोक खालच्यांसाठी लढायला पुढे आले नाहीत, असा बाबासाहेबांचा आक्षेप होता. ते लेख त्यांच्या पश्चात १९८९ साली त्यांच्या इंग्रजी ग्रंथमालेच्या पाचव्या खंडात छापले गेले. ज्यांना इंग्रजी वाचता येते त्यांनी ते वाचून घरात इतरांना समजावून सांगावेत. आणि सांगताना आपल्यातल्या पोटजाती अजून लग्नाच्या बैठकीत कशा डोकावतात, त्याचाही हिशेब मांडावा.

कायद्यानेही या लोकांना न्याय दिला नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीची सवलत हिंदूंपुरती ठेवली. १९५६ साली तीत शीख आले. बौद्धांना त्यासाठी १९९० पर्यंत झगडावे लागले. ख्रिस्ती झालेले अस्पृश्य तीत आलेच नाहीत. धर्म बदलला की जात जाते असे कायदा म्हणतो, आणि गावातली विहीर तसे म्हणत नाही.

१९०४ साली टिळकांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून 'ज्ञानोदय' पत्राच्या मराठी भागाचे संपादन त्यांच्याकडे आले. या काळातले त्यांचे विचार वाचताना एक गोष्ट ठळकपणे दिसते. ख्रिस्तावर त्यांची जितकी श्रद्धा होती तितकाच मिशनच्या छत्राखाली राहण्याचा त्यांना कंटाळा होता. हिंदी ख्रिस्ती मनुष्य गोऱ्या साहेबाच्या तोंडाकडे पाहत राहतो, त्याचा पोशाख करतो, त्याच्या चालीवर गाणी म्हणतो, त्याच्या पगारावर जगतो आणि त्याच्या परवानगीने विचार करतो, ही स्थिती त्यांना असह्य झाली. अशा माणसाचे चारित्र्य उभे राहूच शकत नाही, असे त्यांचे मत बनले. जो दुसऱ्याच्या भाकरीवर धर्म सांगतो त्याच्या सांगण्यावर लोक कशाला विश्वास ठेवतील? धर्माची परीक्षा प्रवचनावर होत नाही, सांगणारा कसा जगतो यावर होते, हे त्यांच्या विचाराचे सार होते. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास राहून 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती. अट एकच, ख्रिस्ताच्या मार्गाने चालायचे. स्वतः त्यांनी ख्रिस्ती संन्यास घेतला. संन्यासी झाला तरी चूल पेटावी लागतेच, आणि ती चूल पुन्हा लक्ष्मीबाईंकडेच होती, हे विसरता येत नाही.

देशाविषयी त्यांचे मन स्वच्छ होते. धर्म बदलला म्हणजे देश बदलला, असे मानणारे लोक तेव्हाही होते. ख्रिस्ती झाला तो इंग्रजांचा झाला, अशी समजूत होती. टिळकांनी हिंदुस्थानावर इतक्या प्रेमाने कविता लिहिल्या की ते बोलणाऱ्यांची तोंडे बंद व्हावीत. देशाचे प्रेम म्हणजे देशातल्या माणसांची सेवा, अशी त्यांची धारणा होती. बाबासाहेबांनी धर्म निवडताना या देशाच्या संस्कृतीला धक्का लागणार नाही असा मार्ग निवडला, हे आपण अभिमानाने सांगतो. पण मला एक विचारावेसे वाटते. गावाच्या वेशीबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहून ज्यांनी गावाचे रक्षण केले, मेलेली ढोरे ओढली, सैन्यात जाऊन रक्त सांडले, त्यांनीच दर वेळी देशभक्तीचा पुरावा का द्यायचा? टिळकांनाही तो द्यावा लागला, आणि ते तर ब्राह्मण जन्मले होते.

त्यांचे सर्वांत टिकाऊ काम गाण्यांचे झाले. मराठी ख्रिस्ती माणूस इंग्रजी चालींवर भाषांतरित गीते म्हणत होता. टिळकांनी त्याला अभंग, ओव्या, पदे, कीर्तन दिले. मराठी ख्रिस्ती उपासनेच्या पुस्तकात त्यांची शंभराहून अधिक पदे आहेत. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भावना होती. आपण त्यांच्यासारखे वागू शकत नाही. त्यांनी जुन्या भक्तीची भाषा घेऊन तिच्यात नवा देव बसवला. आपल्या धम्मात देवाला जागाच नाही, मग ती भाषा जशीच्या तशी घेतली तर देव मागच्या दाराने पुन्हा घरात येतो. बुद्धाला धूप-नैवेद्य दाखवून नवस बोलणारे आपल्यातही आहेतच. पण नव्या धर्माला आपल्या भाषेतले गाणे लागते, ही टिळकांची जाण खरी होती. आपले ते काम वामनदादा कर्डक यांच्यासारख्या शाहिरांनी केले. ज्याला वाचता येत नव्हते त्याच्याही कानी त्या गाण्यातून भीम आणि बुद्ध पोहोचले.

साताऱ्याचा दरबार फार दिवस चालला नाही. प्रकृती ढासळली, टिळकांना मुंबईला आणावे लागले. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी जानेवारीत मुंबईत सिडनहॅम कॉलेजातला एक तरुण प्राध्यापक साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांच्या मताधिकाराची मागणी मांडत होता. एक धर्मांतरित कवी आयुष्य संपवीत होता आणि बाबासाहेबांचे सार्वजनिक आयुष्य सुरू होत होते. दोघांची भेट झाल्याचे कुठे वाचनात आलेले नाही.

टिळकांनी ख्रिस्ताचे चरित्र ओवीबद्ध करण्यास घेतले होते. नाव 'ख्रिस्तायन'. सुरुवातीचे काही अध्याय लिहून झाले आणि हात थांबला. ते काम पुढे लक्ष्मीबाईंनी हाती घेतले. शाळेची पायरी न चढलेल्या, लग्नानंतर नवऱ्याकडून अक्षरे शिकलेल्या त्या बाईने साठांहून अधिक अध्याय लिहून ग्रंथ पुरा केला. त्याच सुमारास त्यांनी 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र लिहिले. ते १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाले. नवऱ्याचे धर्मांतर, आपले रडणे, आपले सोवळे, आपला हट्ट, आणि मग एके दिवशी ते सगळे कसे गळून पडले, हे त्यांनी हसत हसत सांगितले आहे. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या गेल्या. 'ख्रिस्तायन' १९३८ साली छापून बाहेर आले. 'स्मृतिचित्रे' अजून पुस्तकाच्या दुकानांत मिळते. वर्षावासात आपल्या विहारांत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. ते आटोपल्यावर महिला मंडळांनी एखाद्या दुपारी या पुस्तकातले पंढरपूरचे आणि नगरचे प्रकरण मोठ्याने वाचावे.